बोकडमाथ्यावरची पहार

मित्रांनो, मी एक जुनी पहार आहे. माझे एक टोक अणकुचीदार आणि दुसरे पटाशीसारखे चपटे. अंगावर नक्षी नाही, मूठ नाही, रंग नाही. मला पाहून आजवर कोणी थांबले नाही. पण माझी हकीकत ऐकलीत, तर घर कुठून सुरू होते हे तुम्हाला कळेल, म्हणून सांगते.

माझा जन्म माँटेनेग्रोच्या चुनखडीच्या डोंगरात झाला. दरीत कोसळलेल्या एका लष्करी ट्रकचा आस लोकांनी ओढून वर आणला होता. ब्लागोये नावाच्या लोहाराने तो भट्टीत लाल केला, ठोकून ठोकून लांब केला आणि टोकाला पाणी पाजले. तो म्हणाला, "विदाक, ही तुझ्यापेक्षा जास्त टिकेल." विदाक हसला आणि मला खांद्यावर टाकून निघाला. त्या दिवशी मी फार अभिमानात होते. कुठे निघालो आहोत हे ठाऊक असते, तर थोडा कमी केला असता.

विदाकला वाटणीत बोकडमाथा मिळाला होता. गावाच्या वर, खांद्यासारखी पुढे आलेली ती डोंगराची सोंड होती. तिथे पांढरे दगड, काटेरी झुडपे आणि वारा, एवढेच पीक येई. खालचे घर आणि खालची काळी जमीन थोरल्या भावाला, गावरोला, मिळाली होती. त्याच घरातल्या एका खोलीत विदाक, त्याची बायको वासिलिया आणि लहानगी इकोनिया राहत असत.

आम्ही झुडपांच्या मुळ्या उपटायला लागलो तसा गावरो एक दिवस वर आला. त्याने चारी बाजूंना पाहिले आणि डोके हलवले.

"इथं सापसुद्धा बिऱ्हाड करणार नाही," तो म्हणाला. "वासिलिया, तुला कोणी हाकललंय का? चूल आहे, भिंती जाड आहेत. अजून काय हवं?"

"कोणी नाही हाकललं, भाऊजी," वासिलिया म्हणाली. तिने हातातले काम थांबवले नाही. "पण चुलीवर काय शिजवायचं, खिडकी कधी उघडायची, हे रोज विचारावं लागतं. न विचारता उघडता येईल अशी एक खिडकी मला हवीय."

"त्यासाठी एवढे दगड?"

"जिथं दगड नव्हते ती जमीन तुम्ही घेतलीत."

गावरो खाली उतरला. विदाक कानापर्यंत लाल झाला होता, पण त्या दिवशी त्याने मला नेहमीपेक्षा जोरात चालवले.

पहिली अडचण वाटेची आली. माथ्यावर जायचा सोपा उतार तोदोर नावाच्या म्हाताऱ्याच्या कुरणातून जात होता. कुरणाला दगडी गडगा होता आणि गडग्यावर दिवसभर तोदोर बसलेला असे, सुकलेले चीज चघळत.

"तोदोरकाका," विदाक म्हणाला, "गवत कापून झालं की एका कडेनं ट्रक नेऊ का?"

"खेचर ने. माणसं ने. बायकोला पालखीतून ने हवं तर. चाक नको."

"चाकाशिवाय सिमेंट कसं न्यायचं?"

"माझ्या बापानं घर बांधलं तेव्हा सिमेंट जन्मलं नव्हतं."

पुढे बोलणे खुंटले. म्हणून आम्ही कड्याच्या अंगाने नवी वाट काढायला घेतली. मित्रांनो, त्या वाटेने माझा जीव नकोसा केला. एका बाजूला कडा, दुसऱ्या बाजूला पोकळी. मी फटीत टोक घालायचे, विदाकने सारा भार टाकायचा, आणि दगड कुरकुरत सुटायचा. असे करत करत आम्ही गाडीच्या रुंदीची वाट पार वळणापर्यंत नेली. मग हिवाळा आला. वसंतात बर्फ वितळला, आणि अर्धी वाट दरीत गेली. वासिलिया तिथे उभी राहून बराच वेळ खाली बघत होती. मग तिने भाकरीचे गाठोडे झुडपाला टांगले आणि पडलेल्या जागेपासून पुन्हा सुरुवात केली. गडग्यावरून तोदोर म्हणाला, "मागच्या खेपेला जास्त सरळ झाली होती."

दुसरा उन्हाळा संपेपर्यंत वाट पुन्हा झाली. आता घराची जागा सपाट करायची होती. माथ्याच्या मधोमध लाल मातीचा एक वाडग्यासारखा खोलगट तुकडा होता. सबंध बोकडमाथ्यावर माझे टोक सुखाने आत शिरेल अशी ती एकच जागा. जो तो म्हणे, घर इथेच व्हावे. मलाही तसेच वाटले. दगडांवर आपटून आपटून मी कंटाळले होते, मऊ माती मिळाल्यावर कोण शंका घेतो?

पुढचा सारा उन्हाळा आम्ही तिथे भर टाकली. माथ्यावरचे सुटे दगड वेचून खड्ड्यात रचले, वर बारीक खडी, वर माती. विदाकने सुतळी ताणली, सपाटी तपासायला पाणसळ लावली. इकोनियाने काटक्यांनी खोल्या आखल्या आणि आईला दारातूनच आत यायला लावले. भर थोडी खचली की आम्ही आणखी टाकत असू. नवी माती बसतेच, असे विदाक म्हणे. ती जरा जास्तच बसत होती, पण तिकडे कोणाचे लक्ष नव्हते.

आमच्या त्या डोंगरांचे एक वाईट आहे. ते आतून पोखरलेले असतात. वर पडलेला पाऊस कुठेतरी पोटात जातो आणि कोसभर दूर झरा होऊन निघतो. पानगळीच्या दिवसांत झोडपून पाऊस झाला. तो उघडल्यावर विदाक खुंट्या ठोकायला म्हणून वर आला. त्याने मला दोन्ही हातांनी उचलून कोपऱ्यात सोडले. मी मातीत शिरले आणि थांबलेच नाही. माझ्याखाली काही नव्हते. विदाकच्या पायाखालची भरही सरकली आणि तो काखेपर्यंत आत गेला. पडता पडता त्याने मला धरले, मी आडवी झाले, माझी दोन्ही टोके भोकाच्या काठांवर अडकली, आणि तो माझ्यावर लोंबकळत राहिला. वासिलियाने पालथे पडून त्याच्या कोटाची कॉलर धरली. कशी ओढली कोण जाणे, पण ओढली.

दोघे चिखलात बसून राहिले. मग वासिलियाने एक दगड भोकात टाकला. तो इकडेतिकडे आपटत गेला आणि मग आवाजच आला नाही. आमची सगळ्या उन्हाळ्याची भर तशीच गेली होती.

विदाक उठला. त्याने मला उचलले आणि असेल नसेल तेवढ्या जोराने झुडपांत भिरकावून दिले. ज्या लोखंडाला धरून तो वाचला त्यालाच त्याने फेकले. मला राग आला, खोटे कशाला बोलू? पण माणसाचा जीव वैतागला की हातात जे असेल ते दोषी ठरते. आम्ही अवजारांनी हे कधीच शिकून घेतले आहे.

हिवाळाभर मी बर्फाखाली पडून होते. विदाक समुद्रकाठी मजुरीला गेला, म्हणजे दुसऱ्यांची घरे बांधायला. बर्फ उतरल्यावर वासिलिया एकटीच वर आली. काटे बाजूला करून तिने मला शोधले.

"गंजलीस गं," ती म्हणाली. तिने मला राखेने घासले, मेंढीची चरबी चोळली. मग ती मला घेऊन माथ्यावर फिरू लागली. थोड्या थोड्या अंतरावर ती मला उचलून सोडी आणि कान देई. काही ठिकाणी मी ढब् असा आवाज करी, तिथून ती पुढे जाई. शेवटी माथ्याच्या टोकाशी, उघड्या उंचसखल खडकावर, मी खणखणले. तिने सगळीकडून वाजवून पाहिले. सगळीकडे तसाच आवाज आला. ती खाली बसली आणि माझे टोक खडकाच्या पहिल्या भेगेत घातले.

थोड्या दिवसांनी तोदोर काठी टेकत वर आला. इतक्या दिवसांत तो गडग्यावरून पहिल्यांदाच उठला असावा.

"तिथं बडवू नकोस, खडक आहे तो."

"म्हणूनच बडवतेय."

"आणि तुमची लाल माती?"

"गेली आत. माझा नवरापण चालला होता."

तोदोरने चीज चघळले. "माझ्या बापाच्या शेळ्या गेल्या होत्या तिथं. मग आम्ही वर लाकडं टाकून माती लोटली होती."

वासिलियाचे हात थांबले. "आम्ही सबंध उन्हाळा तिथं भर टाकली. तुम्ही गडग्यावर बसून बघत होतात."

"बघत होतो."

"मग सांगितलं का नाही?"

"तुम्ही विचारलंत कुठं? तुम्ही मला रस्ता मागितलात. जागेचं कोणी बोललंच नाही."

वासिलियाची पकड इतकी घट्ट झाली, की क्षणभर मला वाटले, आता मी खडकावर पडणार नाही, दुसरीकडेच कुठेतरी पडणार. पण तिने मला खाली टेकवले.

"काका, माझी पोर तिथं खेळत होती. काटक्यांच्या खोल्या करून."

म्हाताऱ्याने चघळणे थांबवले. त्याला बहुतेक हे दिसलेच नव्हते. त्या सबंध उन्हाळ्यात त्याने दगड पाहिले होते, वाट पाहिली होती, पण पोर पाहिली नव्हती. तो तसाच खाली गेला. दुसऱ्या दिवशी तो पुन्हा आला. वासिलिया सुटे दगड काढत होती, ते तो वाहून बाजूला रचू लागला.

विदाक परतला तेव्हा मोठे भांडण झाले.

"खडकावर घर?" तो म्हणाला. "हा सपाट करण्यात आयुष्य जाईल."

"तसंही जातंय."

"मला आता जमणार नाही, वासिलिया. लोक हसून हसून थकले."

"थकले ना? मग आता शांतपणे काम होईल."

विदाकला हसू आवरेना. त्याने माझ्याकडे पाहिले, नजर चुकवली आणि मग मला हातात घेतले. त्यानंतर आम्ही खडक फोडत राहिलो. जिथे भेग नव्हती तिथे वासिलिया लाकडी पाचर ठोकून पाणी ओती आणि लाकूड फुगायची वाट बघत बसे. माझे टोक वारंवार वळे, ब्लागोये ते पुन्हा तापवून सरळ करी, आणि दर खेपेला मी थोडी आखूड होई. काही दिवस संध्याकाळी पाहिले तर सकाळपासून काही झाले आहे असे वाटत नसे. विदाक शिव्या देई, वासिलिया गप्प राही. तिचे गप्प राहणे मला जास्त जड जाई.

त्या वर्षी गवत कापून झाल्यावर तोदोरने आपल्याच हातांनी गडग्याला खिंडार पाडले. "आणा चाक," तो घुश्शात म्हणाला, "कडेनं." म्हणजे कड्याच्या अंगाची ती वाट, जिच्यापायी आमचे दोन उन्हाळे गेले होते, कोणालाच लागली नाही. अजून आहे ती तिथे. तिच्यावर रानगुलाब वाढले आहेत.

अखेर एके दिवशी पाणसळीतला बुडबुडा मधोमध उभा राहिला. विदाकने आडवी धरली, उभी धरली, बुडबुडा हलेना. वासिलिया त्या खडकावर सरळ उताणी झोपली.

"डोकं वर आहे का पाय?" तिने विचारले.

"सारखं आहे."

"नीट बघ."

"सारखं आहे, वासिलिया."

ती लवकर उठली नाही. विदाकही शेजारी बसून राहिला. मी दोघांच्या मध्ये पडले होते. मित्रांनो, माझ्या आयुष्यात मला कौतुकाचा शब्द मिळाला नाही, पण ती दुपार मिळाली.

मग गवंडी आले, त्यांच्या थाप्या, ओळंबे आले. भिंती उठल्या, छपरावर लाल कौले चढली. घरभरणीला धुरावलेले मटण आणि आलुबुखाराची दारू होती. गावरोने खिडक्यांची तारीफ केली, कोणी दरवाजाची, कोणी छपराची. ज्या सपाटीवर सारे उभे राहून पीत होते तिच्याबद्दल कोणी चकार शब्द काढला नाही. ती फरशीखाली झाकली गेली होती. जमीन तयार करणाऱ्याचे काम असेच असते. ते चांगले झाले तर दिसत नाही, आणि वाईट झाले तरच गावभर होते.

पुढे माझा उपयोग शेळ्यांच्या गोठ्याचे दार वाऱ्याने उघडू नये म्हणून टेकण द्यायला होऊ लागला. तोदोर गेला, ब्लागोये गेला, काही वर्षांनी विदाकही गेला. लोहाराचे बोलणे खरे ठरले, पण त्याचा मला आनंद झाला नाही.

मागच्या आठवड्यात इकोनियाला घराशेजारी अक्रोडाचे रोप लावायचे होते. तिने शहरातून खड्डे पाडायचे यंत्र आणले होते. ते खडीत अडकले आणि धूर सोडू लागले. मग तिने गोठ्यातून मला ओढून काढले आणि उचलताना वाकलीच.

"आई, एवढी जड पहार तू दिवसभर उचलायचीस?"

वासिलिया आता काठी घेऊन चालते. तिने मला एप्रनने पुसले. "उचलायची थोडीच. उचलून सोडायची. पडायचं काम ती करते, आपण फक्त नेम धरायचा."

खड्डा झाला, रोप लागले. चांगले पाणी घातले. मग जेवायची वेळ झाली, वासिलिया इकोनियाच्या हाताला धरून हळूहळू गेली, आणि मी खड्ड्याशेजारीच राहिले.

मित्रांनो, तुम्ही कधी घर बांधायला जमीन घेतलीत, तर त्या जमिनीवर ज्यांनी शेळ्या चारल्या त्यांना आधी विचारा. रस्ता मागा, आणि जागेबद्दलही विचारा. मऊ लागली म्हणून कोणत्याही मातीवर भरवसा टाकू नका. आणि काम झाले की अवजार पुसून, तेलाचा हात फिरवून, जागच्या जागी ठेवा. आम्हाला हार नको, फोटो नको. कोरडी जागा पुरे.

आज सकाळपासून बोकडमाथ्यावर ढग उतरले आहेत. रोपाची सारे चौकशी करून गेले, पानेही मोजून गेले. त्या बाजूने तुमच्यापैकी कोणी जात असाल, तर अक्रोडाच्या डाव्या अंगाला, गवतात बघा. मी तिथेच आहे.