डोळा सोडून कुंकू

मी एक जुना ड्रोन आहे, मित्रांनो. माझा एक पाय चिकटपट्टीने बांधलेला आहे आणि पाठीवर कुंकवाचा डाग आहे. पाय कसा मोडला हे बऱ्याच जणांना ठाऊक आहे. डाग पाठीवरच का, हे मात्र मलाच सांगावे लागेल.

कुठल्याशा दूरच्या कारखान्यात माझे भाग जुळवले गेले. खोक्यातून बाहेर आलो तो अकोल्यात, प्रतीक्षाताईंच्या फोटो स्टुडिओत. चार लग्नसराया मी त्यांच्यासोबत काढल्या. चिखलदऱ्याच्या धुक्यात नवरा-नवरी टिपली, बाळापूरच्या किल्ल्याभोवती घिरट्या घातल्या. वरून माणसे फार खरी दिसतात. मी आलो की पोट आत ओढणारे किती, पंगतीत दुसऱ्यांदा बसणारे कोण, याची सगळी नोंद माझ्याकडे आहे. पण मी चहाडी करत नाही.

पुढे नवा ड्रोन आला. उजेडातली कामे त्याला गेली आणि मला रात्रीची हळद, रात्रीची वरात. माझ्या डोळ्याची एक खोड आहे. उजेडात तो आपोआप नेम, म्हणजे तुमचा फोकस, धरतो. अंधारात त्याला धरायला काही सापडत नाही. मग तो पुढे-मागे सरकत राहतो आणि सगळे पुसट होऊन जाते.

गेल्या डिसेंबरात बाळापूरजवळच्या एका गावात आम्ही हळदीला गेलो. शालिकराम आणि पार्बताबाई हे भाजीपाला पिकवणारे जोडपे, त्यांच्या धर्मेंद्रचे लग्न. मी उडण्याआधीच पार्बताबाई ताट घेऊन आल्या. दारी ट्रॅक्टर आला तरी कुंकू, मोटर आली तरी कुंकू, मग मी कसा सुटणार? हळद-तेल कालवून माखलेला अंगठा त्यांनी कुंकवात बुडवला आणि माझ्या तोंडावर नीट टेकवला.

"घ्या. आता याले कोनाची नजर नाई लागत."

प्रतीक्षाताई तेव्हा वायर शोधत होत्या. त्यांनी पाहिलेच नाही.

हळद अडली होती ती शालिकरामांसाठी. त्या आठवड्यात शेतातली लाईन रात्रीच यायची. "कोबीले पानी लावून येतो, अर्धा घंटा," म्हणून ते गेले होते. अर्ध्याचे दोन तास झाले. फोन वाजत होता, उचलत कोणी नव्हते. मग कोणी तरी सांगत आले की मोटर चालूच आहे आणि पाणी बांध फोडून रस्त्यावर आले आहे. डीजे थांबला. पाणी वाया जाऊ देणारा हा माणूस नव्हे, हे सारे गाव जाणून होते.

मोटर बंद केली, बॅटऱ्या घेऊन माणसे शेतात शिरली. कोबीपलीकडे डोक्याइतकी उंच तूर. दहा पावलांवरचे दिसेना, त्यात रानडुकरांची भीती. धर्मेंद्र बनियनवरच थंडीत धावत आला.

"ताई, तुमचं ते उडवा न! वरून दिसन."

"एकच बॅटरी भरली हाये. वीस मिनिटं," ताई म्हणाल्या आणि मला सोडले.

मी तुरीवर गेलो. डोळा सरकू लागला. पुढे, मागे, पुढे. खालच्या बॅटऱ्या मला पिवळ्या गोळ्यांसारख्या दिसत होत्या.

"काही दिसते का?" धर्मेंद्रने विचारले.

"निसता धुक्कट दिसून राहिलं."

"उगाच आनला हा डबा!" धर्मेंद्र चिडून म्हणाला. त्याचा राग माझ्यावर नव्हता, तो भ्याला होता.

सहा मिनिटे गेली. मग ताईंच्या ध्यानात आले, की अंधार पुसट होईल, पण प्रत्येक दिव्याला तेलकट वलय कशाला? त्यांनी मला खाली उतरवले, मोबाइलचा उजेड माझ्या तोंडावर धरला. काचेवर अख्खा अंगठा उमटला होता.

"माय वो! मीच लावलं," पार्बताबाई म्हणाल्या आणि पदर पुढे केला.

"पदर नका लावू मावशी, चरे पडतीन." ताईंनी मऊ कापडाने काच पुसली. घाई होती, तरी पुसले सावकाश.

अकरा मिनिटे उरली. या वेळी ताई तुरीकडे गेल्याच नाहीत. त्यांनी माझे तोंड बाळापूरकडे वळवले, दूरच्या टॉवरवरच्या लाल दिव्याकडे. धर्मेंद्र ओरडला, "तिकडे कावून? बाबा इकडे हायेत!" बोटाने नेम सरकवत ताईंनी तो दिवा सुईच्या टोकाएवढा केला, आणि नेम तिथेच बांधून टाकला, म्हणजे लांबचे सगळे तसेच रेखीव दिसावे. माझा डोळा सरकायचा थांबला. चार वर्षांत मी अंधारात इतका शांत कधी नव्हतो.

"आता बाबाले फोन लाव. लावतच राहा."

"उचलत नाईत न ते!"

"उचलाले नाई. उजेड पडाले."

मी हळूहळू निघालो, कारण अंधारात घाई केली की चित्र पसरते. पाच मिनिटे उरली. तीन. बॅटरी संपतेय, परत बोलवा, म्हणून मी ओरडू लागलो. आणि तुरीच्या ओळीत तांदळाच्या दाण्याएवढा निळसर ठिपका दिसला. विझला. धर्मेंद्रने पुन्हा फोन लावला. पुन्हा दिसला.

ताईंनी मला परत नेले नाही. ठिपक्यावरच उभे ठेवले, माझे दिवे पाहून माणसे धावत यावीत म्हणून. बॅटरी संपली तसा मी तुरीतच आदळलो.

शालिकराम चरात पडले होते. पाय मोडला होता, डोक्याला मार होता, अंग गार पडले होते. फोन काठावर उताणा होता. पाहुण्यांच्या फोनांना कंटाळून दुपारीच त्यांनी त्याचा आवाज बंद केला होता.

एक गोष्ट ताईंनी कोणाला सांगितली नाही, मी सांगतो. रेकॉर्डिंग पाहिले तेव्हा कळले, पहिल्या फेरीत मी त्याच चरावरून दोनदा गेलो होतो. तेव्हाही घरून कोणी ना कोणी फोन लावतच होते, पण तो उजेड काचेवरच्या तेलात विरघळून गेला होता.

पुढे ढकललेले लग्न आठ दिवसांनी लागले. शालिकराम प्लास्टर घालून खुर्चीत बसले होते. माझा बांधलेला पाय पाहून म्हणाले, "आपन दोघं एकाच वावरात पडलो गा!"

तेवढ्यात पार्बताबाई ताट घेऊन आल्या. ताई दचकल्या. पण बाईंनी अंगठा आधी पदराला पुसला, मला दोन्ही हातांनी उलटे फिरवले आणि पाठीवर कुंकू लावले.

"डोया सोडून," त्या हळूच म्हणाल्या.

मित्रांनो, माया करा, नजरही उतरवा, मला आवडते. फक्त लावण्याआधी एवढे पाहा, की ज्याच्यावर लावता त्याला अजून कोणाला तरी शोधायचे आहे.