अकरा हुशार पिल्लं

हेडसर निवृत्त होऊन दोन वर्षं झाली, तरी निवड करायची खोड काही सुटली नव्हती. आता निवडायला माणसं मिळेनात, म्हणून त्यांनी कोंबड्या निवडायचं ठरवलं. परसात खुराडं बांधलं आणि बारा माद्या आणायला बायकोला घेऊन निघाले.

"इतक्या लहान पिल्लांत नर-मादी कळत नाही, साहेब," पिल्लंवाला म्हणाला. हेडसर नुसते हसले. आयुष्यभर त्यांनी वर्गाचे मॉनिटर एकाच रीतीने निवडले होते: न बोलावता पुढे येतो तो हुशार. त्यांनी टोपलीत हात घातला आणि जी पिल्लं छाती काढून बोटावर चढली ती उचलली. अशी अकरा. बारावं बायकोने उचललं, कोपऱ्यात डोळे मिटून बसलेलं.

"अगं, हे मठ्ठ आहे."

"असू दे. मठ्ठांबरोबर राहायची सवय आहे मला."

सरांना वाटलं, ही शेजाऱ्यांबद्दल बोलतेय.

तीन महिन्यांत अकराही जणांचे तुरे लालभडक झाले. सरांनी जातींचं जाडजूड पुस्तक आणलं, एका चित्रावर बोट ठेवलं आणि जाहीर केलं, की ही दुर्मिळ जात, हिच्या माद्यांनाही मोठा तुरा असतो. मग मानेवर टोकदार पिसं आली, शेपटीला बाक आला. रोज नवं लक्षण आणि सरांचं रोज नवं पान. पुस्तक बिचारं खिळखिळं झालं, सर काही थकेनात! एका पहाटे त्या अकरा जणी एकदम आरवल्या. "या जातीत माद्याही आरवतात," सर म्हणाले. या वेळी मात्र पुस्तक उघडलं नाही.

बारावीने गाजावाजा न करता अंडी द्यायला सुरुवात केली. पण अकरा नर आणि एकच मादी! सगळे तिच्यावरच तुटून पडायचे. तिच्या पाठीवर एक पीस राहिलं नाही, कातडी सोलवटून निघाली. बायको रोज मलम लावायची आणि रोज तिचे डोळे भरून यायचे. शेवटी तिने नाक्यावरच्या चिकनवाल्याला बोलावून आणलं.

त्याने कुंपणावरूनच पाहिलं. "जात वगैरे काही नाही, सगळी सरमिसळ आहे. एका कोंबड्यामागे आठ-दहा माद्या लागतात, सर. इथे उलटाच कारभार. आठवड्यात मरेल ही. आज सगळे घेऊन जातो."

म्हणजे उद्या गल्लीभर बोभाटा! "माझं निरीक्षण चालू आहे," सर म्हणाले. "पुढच्या आठवड्यात बघू."

चिकनवाला गेल्यावर बायको म्हणाली, "अहो, आज ते तरी जातील, नाहीतर आम्ही दोघी."

"अगं, असे निर्णय घाईने घेत नसतात."

तिने घाई केलीच नाही. निवांत चहा घेतला, बॅग भरली, कोंबडी टोपलीत घातली आणि धाकट्या बहिणीकडे निघून गेली.

मादी गेल्यावर कोंबडे एकमेकांच्या जिवावर उठले. सर काठी घेऊन सोडवायला गेले आणि पोटरी फोडून घेऊन आले. दोन दिवस पाव-दुधावर काढले. घर खायला उठलं. तिसऱ्या दिवशी त्यांनी मुकाट्याने चिकनवाल्याला फोन लावला. त्याने येऊन आपल्या पिंजऱ्याचं दार उघडलं, तर सगळ्यांत हुशार होता तो आपणहून आत शिरला.

सर तडक साडूंच्या घरी गेले. "या, या! एकटेच?" साडू दारातच म्हणाले. "दुर्मिळ जात नाही आणली?" सरांनी तेही गिळलं.

बायको मागच्या अंगणात कोंबडीला मांडीवर घेऊन मलम लावत होती.

"दिले सगळे," सर म्हणाले. घसा दोनदा खाकरला. "चुकलं माझं. घरी चल."

तिने कोंबडीच्या पाठीवरून बोट फिरवलं. बारीक बारीक कोंब टोचत होते.

"हिची पिसं यायला दोन महिने लागतील."

"आणि मग?"

"मग हिला घेऊन जा. माझं अजून ठरलं नाही."