कानावरची पट्टी

झिओनेने पेजेत डाव फिरवला आणि मान वर केली, तर फाटकातून डॉक्टर काफुका स्वतः चालत येत होते. इस्पितळाच्या मागच्या या शेडमध्ये पेशंटसोबत आलेल्या बाया चुली मांडत. तिथे डॉक्टर कधी फिरकत नसत. चांगली बातमी असली तर ती नर्सच्या तोंडून यायची. शेजारच्या चुलीवरची एस्नात मघापासून चेष्टा करत होती, "पोरीला ऐकू यायला लागलं की तिच्यादेखत नवऱ्याला शिव्या घालायची सोय राहायची नाही हं तुला!" तीही आता डॉक्टरांकडे बघू लागली.

"तमांदाची आई, जरा इकडे या."

दोघं आंब्याखाली उभी राहिली.

"आम्ही कान उघडला. आत तीन नाजूक हाडं असतात, ती हलली की ऐकू येतं. तिची जन्मापासून चिकटलेली आहेत. सोडवता आली असती, पण चेहऱ्याची नस नेमकी त्यांच्यावरून गेलीय. ती दुखावली असती तर अर्धा चेहरा लुळा पडला असता. म्हणून काही न करता कान परत शिवला."

"जरा बाजूला सारायची होती नस."

"नाही सरत हो ती."

"मग दुसरा कान?"

"फोटोत तोही तसाच दिसतोय." डॉक्टरांनी चष्मा काढून पुसला. "कानामागच्या हाडावर लावायचं, ऐकू येण्याचं एक यंत्र असतं. आपल्याकडे मिळत नाही. मी वर लिहिलंय, पण आशेवर राहू नका. तिला मी सांगू का?"

"नको. मीच सांगेन."

हेडमास्तरांनी स्पष्ट बजावलं होतं, कान बरा करून आणा, नाहीतर पोरीला घरीच ठेवा. आणि गावाहून, मुलांजेहून, बसने निघायच्या आदल्या दिवशी तमांदा मैत्रिणींना सांगून बसली होती की परतल्यावर ती मास्तरांपुढचा बाक सोडून त्यांच्याबरोबर मागच्या बाकावर बसणार. झिओनेला त्या नसेचा राग आला, देवाचा आला, आणि शहाण्यासारखं वागलेल्या या डॉक्टरचा तर सगळ्यात जास्त.

वॉर्डात तमांदा जागी होती. डोक्याभोवती पट्टी, डोळे चमकत होते. झिओने खाटेवर टेकली. पोरीच्या कानाशी तोंड नेऊन ओरडायची तिला सवय होती. आज उघड्या कानाशी तोंड नेलं आणि नुसतीच पट्टीची कड सारखी केली.

तमांदानेच तिचा दंड धरला. ती नेहमीसारखी कुजबुजल्यागत बोलली.

"आई, ऐकू येतंय मला! पट्टीच्या बाजूने. धप्, धप्. बाहेर कुणीतरी मका कांडतंय ना?"

झिओनेने खिडकीबाहेर पाहिलं. वाळत घातलेल्या चादरी होत्या, कट्ट्यावर पहारेकरी पेंगत होता. उखळ तर आवारात कुठेच नव्हतं. तिने पोरीच्या मानेवर हात ठेवला. बोटांखाली नाडी उडत होती.

"हे बघ, आत्ता. आत्ता." तमांदा प्रत्येक ठोक्याला बोट उचलून दाखवू लागली. बोट आणि नाडी, दोन्ही बरोबर एका वेळी.

"कांडतायत ना गं?"

झिओनेने उघड्या कानाशी तोंड नेलं आणि सगळा जीव गोळा करून ओरडली, "हो! एस्नातमावशी कांडतेय!"

तमांदा उशीवर मागे रेलली. तिने डोळे मिटून घेतले आणि ऐकत राहिली.

"तिला सांग," ती म्हणाली, "थांबू नकोस म्हणावं."