चार दाण्यांचा मान

मंगळवेढ्याच्या कुंडलिकमामाला जगातल्या सगळ्या दुखण्यांवर एकच औषध ठाऊक होतं: स्वतःच्या रानातली ज्वारी. गुडघे धरले, ज्वारी खा. पोरीचं लग्न जमेना, तिला ज्वारी खायला घाला. अशा माणसाच्या भाचीच्या, अंकिताच्या आतड्याला सूज यावी आणि सोलापूरच्या डॉक्टरांनी तिची भाकरीच बंद करून तिला मऊ भातावर ठेवावं, हा मामाला स्वतःचा अपमान वाटला.

आतडं एका जागी अरुंद झालंय, सूज उतरेपर्यंत चोथा, सालं, अख्खे दाणे पोटात जाता कामा नयेत, अडकलं तर कापावं लागेल, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. तरी गेल्या हिवाळ्यात हुरड्याला मामानं हातावर कणीस चोळून दाणे पुढं धरले. चोळून दिलेला हुरडा परत करायचा नसतो. "कवळा हाय की, दुधावानी! त्यो कुटं अडकतोय?" अंकितानं मान राखला आणि नाकात नळी घालून इस्पितळात पडली. तिथं मामा बघायला आला तो हुरड्याची पिशवी घेऊनच. "भातानं आतडी लुळी पडत्यात," असं नर्सलाही समजावून गेला. देव अक्कल वाटत होता तेव्हा हा माणूस बहुधा कणसं मोडायला गेला होता.

अंकिताची सूज अजून उतरली नव्हती, आणि यंदा पुन्हा शेतात आगटी पेटली. गोवऱ्यांच्या विस्तवात कणसं भाजली गेली, भोवती सगळे नातेवाईक बसले, आणि मामाची ओंजळ अंकितापुढं आली. "घे की. मामाचा मान हाय."

आईनं कोपरानं ढोसलं. "चार दाणे घे गं. बघत्यात सगळे."

त्या चार दाण्यांकडं बघून अंकिताला नाकातली नळी आठवली, आणि मग तिला रागच आला. तिनं दाणे घेतले आणि मामाच्याच तळहातावर परत ठेवले.

"आधी तुमी चावा."

मामानं इकडंतिकडं पाहिलं. बजाबाई मामी सवयीनं खलबत्ता घ्यायला उठली. नवऱ्याचे दात पडल्यापासून त्याचा हुरडा तीच कुटून द्यायची.

"न्हाय, मामी. अख्खेच."

"अगं, मला दात न्हाईत!" मामा ओरडला, आणि आ वासून आपलं बोळकं सगळ्यांना दाखवलं.

"माझंबी तसंच हाय, मामा. फकस्त आ केल्यावर दिसत न्हाय."

मामानं तोंड मिटलं. आईनं पिशवीतला मऊ भाताचा डबा काढला आणि सगळ्यांदेखत लेकीपुढं ठेवला.