लाव्हॉनचं भांडं

आपण आयुष्यात कुणाचं काही बुडवलं नाही, असं व्हर्लिन टोस्ट्रूड चारचौघांत सांगायचा, आणि मिनेसोटातल्या त्या तळ्याकाठच्या गावात ते कुणी कधी खोडून काढलं नव्हतं. काढणार कोण? निम्मं गाव दर शुक्रवारी त्याच्याच रेस्टॉरंटात तळलेला मासा खायला यायचं.

मग एका हिवाळ्यात तळं नीट गोठलंच नाही. बर्फावर गळ टाकायला येणारे शहरी लोक फिरकले नाहीत, बॉयलरही तेव्हाच फुटला. हाताशी उरला फक्त नोकरांच्या पगारातून कापलेला कर. तो सरकारचा. पण तो भरला तर मासेवाल्याचं काय?

हिशेब आणि चेकवरची सही लाव्हॉन पीडरसनकडे होती. ती जुनी वाढपीण. व्हर्लिनला टेबलाशी बसून कागद चाळायचा कंटाळा, म्हणून त्याने ते काम तिच्या गळ्यात घातलं होतं. तिने विचारलं होतं, "सरकारचे आधी भरू ना?"

"आधी मासेवाला," व्हर्लिन म्हणाला होता. "सरकार काही उपाशी मरत नाही."

सगळं स्वयंपाकघर हसलं होतं. लाव्हॉनही.

सरकार उपाशी मेलं नाही, पण जेवायला थेट व्हर्लिनच्या घरी आलं. रेस्टॉरंट बंद पडल्यावर पत्र आलं: नोकरांचा कर तुम्ही जाणूनबुजून थकवलात, तेव्हा तो तुमच्या खाजगी मालमत्तेतून का वसूल करू नये? म्हणजे घर, होडी, पिकअप. हरकत असेल तर अपील करा.

अपील करून देणारा वकील भलताच चलाख होता. "एकच मुद्दा टिकेल," तो म्हणाला. "कुणाचे पैसे आधी द्यायचे, हे ठरवायचं कोण? जो ठरवतो, त्याच्या मानेवर कर. चेकवर सही कुणाची?"

"लाव्हॉनची."

"मग अडलंय कुठे?"

सुनावणी फोनवर झाली, स्वयंपाकघरातल्या टेबलाशी. आर्डिस, त्याची बायको, ओट्याशी कप पुसत होती. फोनवरच्या अधिकारी बाई मऊ आवाजात बोलत होत्या. ओरडल्या असत्या तर व्हर्लिनला सोपं गेलं असतं.

"मिस्टर टोस्ट्रूड, मासेवाल्याला द्यायचं आणि कर थांबवायचा, हे कुणी ठरवलं?"

व्हर्लिनने खिडकीतून बाहेर पाहिलं. हे घर त्याने स्वतःच्या हातांनी उभं केलं होतं. कुंपणाशी आर्डिसची जांभळ्या फुलांची लायलॅकची झाडं होती.

"ते सगळं लाव्हॉन बघायची," तो म्हणाला.

"पूर्ण नाव सांगता?"

त्याने सांगितलं. एकेक अक्षर सुटं करून सांगितलं, चूक व्हायला नको म्हणून. फोन ठेवला तेव्हा आर्डिसच्या हातातला कप कधीच कोरडा झाला होता, तरी ती तो पुसतच होती.

"ती तुला विचारल्याशिवाय मिठाची पिशवीसुद्धा मागवत नव्हती," आर्डिस म्हणाली.

"वकील म्हणाला की—"

"वकिलाबरोबर मी संसार केलेला नाही."

"घर वाचतंय, आर्डिस."

"कळलं मला."

दुसऱ्याच दिवशी मागचं दार उघडलं आणि लाव्हॉन आत आली. त्या गावात मागच्या दारावर कुणी टकटक करत नाही. तिच्या हातात खिम्यावर बटाट्याचे गोळे रचून भाजलेली हॉटडिश होती. गावात कुणी गेलं, कुणी आजारी पडलं किंवा कुणाची अब्रू गेली, की लोक फार बोलत नाहीत. हॉटडिश आणून ठेवतात.

"झालं का रे अपील?"

"झालं."

"मला कुणी विचारलं ना, तर मी सांगणार, व्हर्लिन कुणाचं बुडवणारा नाही. हिमवादळात मला घरी पोचवायला दुसरा कोण यायचा? भांड्याची घाई नाही हं."

व्हर्लिनला वाटलं, धरणी पोटात घेईल तर बरं. पण धरणीलाही कामं असतात. लाव्हॉन गेली आणि तो जेवायला बसला. आर्डिसने चमचाही लावला नाही.

भांडं घासून ओट्यावर पडून राहिलं, तळाला चिकटपट्टीवर लाव्हॉनचं नाव. पुढे व्हर्लिनला पत्र आलं: तुमचं म्हणणं विचारात घेतलं आहे, तूर्त घरावर कारवाई नाही. आर्डिसने ते वाचलं आणि भांडं त्याच्या हातात दिलं.

"पोचवून ये."

"रिकामं?" तिकडे दुसऱ्याचं भांडं रिकामं परत करायची रीत नाही. निदान चार बिस्किटं तरी घालतात.

"घालण्यासारखं माझ्याकडे काही नाही. तुझ्याकडे असेल तर घाल."

तो गेला तेव्हा लाव्हॉन आपल्या घरात टेबलाशी बसली होती. तिने भांड्यात डोकावून पाहिलं. "आर्डिस आजारी आहे का रे?"

"नाही."

"बरं, बस. हे बघ काय आलंय." तिने कागद पुढे सरकवला. व्हर्लिनला पहिल्यांदा आला होता तसाच सरकारचा कागद, तेच शब्द, फक्त नाव तिचं. "माझ्या घरावर येतायत, व्हर्लिन! कुणीतरी काहीतरी घोळ केलाय. तुला हे अपिलाचं कळतं. काय लिहायचं सांग. पण तुझं नाव येईल असं काही नको. तू आधीच पोळलायस."

व्हर्लिनला मान वर करवेना. कान तापले होते. इतकी लाज त्याला रेस्टॉरंटला कुलूप लागलं तेव्हाही वाटली नव्हती. खरं लिहून दिलं की आपलं अपील संपलं, घर गेलं, हे त्याला लख्ख दिसत होतं. खोटं बोलल्याचं निस्तरावं लागेल ते वेगळंच.

"पेन दे," तो म्हणाला.

त्याने लिहिलं: आधी मासेवाला, सरकार नंतर, असं मी सांगितलं. लाव्हॉनने विचारलं होतं. मी ऐकलं नाही. फोनवर मी खोटं बोललो. खाली सही केली आणि कागद तिच्याकडे वळवला.

लाव्हॉनने चष्मा लावून वाचलं. मग पुन्हा वाचलं.

"म्हणजे नाव तू दिलंस."

"हो."

"मी हॉटडिश घेऊन आले, त्याच्या आधी?"

"आदल्या दिवशी."

तिने भांडं जवळ ओढलं आणि तळावरचं आपलं नाव अंगठ्याने घासत राहिली.

"मग ती खाल्लीस, की फेकलीस?"

व्हर्लिनला खोटं बोलायची फार इच्छा झाली.

"खाल्ली," तो म्हणाला. "पुन्हा वाढून घेतली."