टेलरकाकूंची डायरी

"लिही, आज भाजीत मीठ नव्हतं."

सुनेने लिहिलं.

"वाच बघू."

"आज भाजीत मीठ नव्हतं."

"कुणी केली होती, ते कुठाय?"

"'मी केली होती' असं लिहू, की 'सुनेने केली होती' असं?" सून हसू दाबत म्हणाली.

"डायरी माझी आहे ना? मग 'सुनेने'."

सुनेने तसं लिहिलं, वर पूर्णविरामही दिला, तोही मोठ्याने सांगून.

टेलरकाकूंची डायरी सुरू झाली ती अशी. गल्लीतल्या निम्म्या लोकांच्या अंगावर त्यांच्या हातचे कपडे होते, म्हणून त्या टेलरकाकू. पुढे काचबिंदूने डोळे गिळले. आधी कडेचं दिसेनासं झालं, मग समोरचंही. मशीन झाकून ठेवलं आणि हातातल्या कात्रीची सगळी धार जिभेला आली. चहा गारच का, दार कुणी उघडं टाकलं, पंखा कशाला हवाय! मुलगा एसटीच्या आगारातून कामावरून आला की आधी पायरीवर उभा राहून कानोसा घ्यायचा आणि मगच घरात शिरायचा.

शेवटी डोळ्यांच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "काकू, डायरी लिहा. मनातलं सगळं लिहा, पण रोज एक तरी चांगली गोष्ट लिहायचीच."

"अहो बाई, दिसत नाही म्हणून तर तुमच्याकडे आले!"

"मग कुणाकडून तरी लिहून घ्या."

आता कुणाकडून? मुलाकडून सोय नव्हती, कारण निम्म्या तक्रारी त्याच्याच. राहिली सून. लेकी बोले सुने लागे म्हणतात. इथे लेकच नव्हती, तेव्हा सुनेलाच बोलायचं आणि ते सुनेनेच लिहून घ्यायचं, असा सरळ कारभार.

सून पाणीपुरवठ्याच्या प्रयोगशाळेत पाणी तपासायची. कामावरून आली, चहा झाला, की स्वयंपाकघरातल्या टेबलाशी वही घेऊन बसायची. सासू बोलेल ते लिहायची, शब्द गाळायची नाही, आणि शेवटी न चुकता विचारायची, "चांगली गोष्ट?"

"कसली डोंबलाची चांगली गोष्ट! बरं, लिही, नळाला आज जोर होता."

पण होता होता काकूंना खोड लागली. संध्याकाळी सांगायला काहीतरी हवं, म्हणून त्या दिवसभर कान टवकारून बसू लागल्या. समोरच्या घरातलं बाळ हसायला शिकलं. पूर्वी ज्याच्याकडून अस्तराचं कापड घ्यायच्या, त्या दुकानदाराने भर रस्त्यात हाक मारून विचारपूस केली. तक्रारी आटत गेल्या. मुलगाही आता पायरीवर थांबायचा नाही.

एकदा काकू म्हणाल्या, "लिही, माझी सून गुणाची आहे."

पेन हललं नाही. ते काकूंना बरोबर कळलं.

"का गं?"

"मी नाही लिहिणार. आपल्याच हाताने आपलं कौतुक? काहीतरीच काय, आई!"

"मीठ नव्हतं ते बरं लिहिलंस!"

"ते खरं होतं."

"मग हे काय खोटं आहे?" काकू तणतणल्या, पण पोरगी बधली नाही.

मग एका संध्याकाळी तीच म्हणाली, "आई, आज चार ओळी माझ्या लिहू?"

"लिही की."

बराच वेळ पेनाचा आवाज येत राहिला. मग तिने वाचलं, "वर्षभराच्या प्रशिक्षणासाठी माझी निवड झाली आहे. पुढे प्रयोगशाळाप्रमुख होता येईल. पण जागा फार लांब आहे. मी नाही म्हणून कळवणार आहे."

शेवटचं वाक्य ऐकून काकूंना, खरं सांगायचं तर, हायसं वाटलं. आणि लगेच स्वतःचीच लाज वाटली.

"माझ्यासाठी नाही म्हणतेस?"

"तुमचे डोळ्यांचे थेंब, येणं-जाणं..."

"थेंब सोडायला माझा मुलगा आहे की. तो काय नुसता शोभेला ठेवलाय? दुपारची शेजारीण असतेच, तिला हाकललं तरी ती जायची नाही."

"आणि डायरी?"

इथे मात्र काकू अडखळल्या. थेंबांचं कुणीही बघेल. पण दिवसभर जमवलेलं सांगायचं कुणाला? डायरी गेली की आपण पुन्हा त्या जुन्या चिडक्या अंधारात जाऊन पडणार, याची त्यांना खरोखर भीती वाटली.

"डायरीचं मी बघते," त्या म्हणाल्या. "तू लिही, सुनेने जायचंच आहे. सासूची आज्ञा."

"आई..."

"लिही म्हटलं ना!"

दुसऱ्या दिवशी त्यांनी मशीनच्या खणातून जाड दोऱ्याचं रीळ चाचपून काढलं. "हे घे, सुई ओव. कापडावरची खडूची रेघ पुसून जाते, म्हणून मी कच्चा धावदोरा घालायचे. तो बोटाला लागतो. तसाच वहीत घाल, पानापानावर, आडवा. दोरीवर कपडे वाळत घालतो ना, तशी मी त्याच्याखाली अक्षरं टांगीन."

"मला शिवता कुठे येतं, आई?"

"ते सगळ्या गल्लीला माहीत आहे. घाल."

सुनेने घातला. काकूंनी बोट फिरवलं. "इथे उतार लागलाय. उसव." तिने उसवला, पुन्हा घातला. जायचा दिवस येईपर्यंत बॅग भरणं एकीकडे आणि धावदोरा एकीकडे. सुई बोटात शिरली की "आई गं" आणि काकूंचं "हळू, बाई, हळू." वहीचं शेवटचं पान झालं तेव्हा काकूंनी तिचा हात हातात घेतला. बोटांची टोकं खरबरीत झाली होती. त्यांनी ती एकेक करून आपल्या बोटांनी चोळली.

सून गेली त्या संध्याकाळी चहा मुलाने केला. नुसता पाक! काकूंनी मुकाट्याने प्यायला आणि वही उघडली. डाव्या हाताचं बोट दोऱ्यावर ठेवलं, उजव्या हाताने पेन टेकवलं. इतक्या वर्षांनी हात अक्षरं काढेल की नाही, देव जाणे. पण हात विसरला नव्हता. दोऱ्यादोऱ्याने त्या खाली उतरत गेल्या.

'आज ती गेली. घर रिकामं वाटतं, पण मन भरलेलं आहे. या वहीतल्या सगळ्या ओळी तिने बोटं टोचून घेऊन माझ्यासाठी घातल्या. मला जन्मात कुणी एवढं दिलं नाही. पोरी, तुझं भलं होवो.'

मुलगा मागे येऊन उभा होता. "आई, वाचून दाखवू? अक्षर नीट आलंय का ते तरी कळेल."

काकूंनी पानावर तळवा ठेवला. "नको. ती आल्यावर वाचेल. 'मी नाही लिहिणार' म्हणायला आता पेन तिच्या हातात नाही."

मुलगा कप विसळायला गेला. काकूंनी खालच्या दोऱ्यावर बोट ठेवलं. अजून पुष्कळ सांगायचं होतं.