गिरणीचा म्हसोबा

रस्ता रुंद करायचा म्हणून खुणा मारायला माणसं आली, तेव्हा बद्रीनाथच्या गिरणीचा पुढचा अर्धा भाग खुणेच्या आत आला. मुकुंदवाडी स्टेशनकडे जाणाऱ्या रस्त्यावर ही पिठाची गिरणी. त्याच्या घरची चूल तिच्यावरच पेटायची. बद्रीनाथ अर्ज-विनंत्यांच्या भानगडीत पडला नाही. गिरणीमागे तिचाच एक फुटका दगड पडला होता. छिन्नीने खाचा पाडून गिरणीच्या दगडाला टाकी लावणाऱ्या नूरमोहम्मदला हाताशी धरून त्याने तो पुढे आणला, कोपऱ्यावर उभा पुरला, टाकीच्या खाचा भिंतीकडे केल्या आणि सपाट पाठीला शेंदूर फासला. टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही म्हणतात. या दगडाने ते नूरमोहम्मदच्या डाव्या हाताचे पोटभर सोसले होते.

"कुणी इचारलं तर, बद्रीभाऊ?"

"म्हणायचं, म्हसोबा जुनाच हाय, आमच्या अब्बांनीबी बघितलाय. तुमच्या तोंडून निघालं, नूरभाई, की कुणाला शंका यायची नाय."

दोघंही खूप हसले. रस्ता म्हसोबाला वळसा घालून गेला आणि गिरणी वाचली.

त्याची बायको द्वारकाबाई तेव्हा माहेरी, पिशोरला होती. परत आली, देव बघितला आणि पदर सावरून पाया पडली. तिच्या तोंडात तीळ भिजत नाही हे ठाऊक असल्यामुळे बद्रीनाथ गप्प राहिला. पुढे सांगू, मिळून हसू, असं त्याच्या मनात होतं. पण पुढे लेकीला दिवस भरायच्या आत मूल झालं. दवाखान्यात काचेच्या पेटीत तो एवढासा जीव निपचित पडलेला, आणि द्वारकाबाई इथे म्हसोबासमोर कपाळ घासत होती. "माझा नातू वाचव, जन्मभर तुझी दिवाबत्ती करीन." नातू वाचला. त्यानंतर काही सांगायची सोयच उरली नाही.

देव वाढत गेला. आधी चौथरा झाला, मग पत्रा आला, घंटा आली, मंडळ आलं. मंडळाची पोरं बद्रीनाथला मान द्यायची, वर्गणी घ्यायची. घंटा वाजली की हातातलं दळण सोडून तो हात जोडायचा. आपणच पुरलेल्या दगडाला आपण भ्यावं, याची त्याला लाज वाटायची आणि तरी भीती जायची नाही.

दळण होईस्तोवर लोक गिरणीत बसून पेपर वाचत. सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला की बद्रीनाथ पिठाने माखलेल्या मिशीवर हात फिरवून त्यावर आपला निकाल द्यायचा. तलाकचा, पोटगीचा, मतदानातल्या 'नोटा'चा. एकही त्याच्या तावडीतून सुटला नव्हता. "दिल्लीतल्या कोर्टाचं इथं काय येतंय?" हे त्याचं ठरलेलं वाक्य.

ते इथं आलं. रस्त्यावर, सार्वजनिक जागेत नवं प्रार्थनास्थळ उभारायचं नाही, मग ते कुठल्याही धर्माचं असो; आणि जी आहेत ती एकेक तपासून काय ते ठरवा, असा त्या न्यायालयाचा आदेश होता. शहरात तपासणी सुरू झाली. फार जुनी राहणार, बाकीची जाणार. ज्या दगडाने गिरणी वाचवली होती, तोच आता साहेबांना गिरणीच्या दारात घेऊन आला.

बद्रीनाथने देव जुना असल्याचं शपथेवर सांगितलं. नूरमोहम्मदनेही पढवलेलं वाक्य जसंच्या तसं म्हटलं. मंडळाच्या पोरांनी त्याला खांद्यावर घ्यायचं तेवढं बाकी ठेवलं. साहेबांनी मान डोलावली आणि चौथऱ्यावर लाल फुली मारून ते निघून गेले.

पाडायच्या दिवशी द्वारकाबाई सकाळीच चौथऱ्यावर जाऊन बसली. देव उपटला तर नातवाचं बरंवाईट होईल, हे तिच्या मनाने घेतलं होतं. दोन्ही बाजूंना मंडळाची पोरं उभी होती, त्यांच्या खिशांना दगडांचा फुगवटा होता. समोर पोलिसांची गाडी. कुणी आरडाओरडा करत नव्हतं, आणि बद्रीनाथला त्याचीच जास्त धास्ती वाटत होती. पहिला दगड सुटला की मधे सापडणार होती ती त्याची बायकोच.

तो तिच्याजवळ उकिडवा बसला. "द्वारके, ऊठ. देव नाय हा. आपल्या गिरणीचा फुटका दगड हाय. मीच पुरलाय."

"तुमच्या जिभेला हाड हाय का नाय? नातवाच्या जिवावर उठलात व्हय?"

"तुझी आन. नूरभाईला इचार, त्याचाबी हात लागलाय."

द्वारकाबाईने मान वर करून मोठ्याने हाक मारली. "नूरभाई, हे म्हणत्यात देव खोटा हाय. तुमी सांगा."

सगळ्यांच्या नजरा वळल्या. एका पोराचा हात खिशात गेला. नूरमोहम्मद टाकीची पिशवी छातीशी धरून गिरणीच्या दारात उभा होता. त्याने बद्रीनाथकडे बघितलं. आपण या माणसाकडे काय मागतो आहोत, हे बद्रीनाथला तेव्हा कळलं आणि तो मनातल्या मनात म्हणाला, नको, बोलू नका.

"वैनी," नूरमोहम्मद म्हणाला, "देव जुनाच हाय. आमच्या अब्बांनीबी बघितलाय."

पोरांनी जयजयकार केला. द्वारकाबाईने नवऱ्याकडे कीव केल्यासारखं बघितलं. "त्यांना दिसला, आन् तुमाला दिसला नाय."

कोपऱ्यावरून जेसीबी वळला. पोलीस गाडीतून उतरले. द्वारकाबाईने दगडाला दोन्ही हातांनी मिठी मारली, तशी तिची बोटं मागे, दगड आणि भिंतीमधल्या फटीत शिरली आणि तिथेच थबकली.

गिरणीचा दगड उलटला की त्याच्या खाचांतलं पीठ इतकी वर्षं तीच काढत आली होती. डावखुऱ्या नूरमोहम्मदची खाच उलटी तिरकी पडते, हे तिला न बघता कळायचं. तिची बोटं एका खाचेवरून सावकाश खाली आली, मग दुसरीवरून. तिने बद्रीनाथकडे बघितलं. तिच्या तोंडावरचा रंग उतरला होता.

"ऊठ," तो कळवळून म्हणाला. "आता तरी ऊठ, द्वारके."

"आन् नातू?" ती एवढंच म्हणाली. तिने डोळे मिटले, मिठी आणखी घट्ट केली, आणि तिच्या डोक्यावरून पहिला दगड गेला.